लूक नवा, बजेट तेच!

"काय बे, भंगारातून उचलली का?" माझ्या सेकंडहँड मारुती 800 चं मळकट इंटिरियर बघून अमरावतीचा मित्र बोलला. जिव्हारी लागलं! बजेट जेमतेम 2 हजार. ठरवलं, आपणच रंगवायचं.

रविवारी सावलीत बसलो, कारण वऱ्हाडी उन्हात स्प्रे खरखरीत बसतो. पॅनल्स काढून साबणानं धुतली, बारीक पॉलिश पेपरनं घासली. मग प्लास्टिकचा प्रायमर आणि क्रीम रंगाचे तीन पातळ हात. एकदम झक्कास!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे समोरच्या काचेत रस्त्याऐवजी डॅशबोर्डच दिसायला लागला. पुढचा ट्रक अगदी जवळ आल्यावर दिसला. पोटात गोळाच आला!

फिका रंग ऊन काचेवर परतवतो. डॅशबोर्डचा वरचा भाग बहुतेक गाड्यांत गडद आणि बिनचमकेचा असतो, तो यासाठीच. पुढच्या रविवारी तेवढा भाग मॅट काळा केला, दारं क्रीमच ठेवली. तुमच्या गाडीत एअरबॅग असेल, तर तिच्या झाकणाला रंग लावूच नका. ते ऐनवेळी नीट फाटायला हवं.

आता मित्र विचारतो, "माही गाडी कवा रंगवतं बे?"