दोन वर्षांत बांधला, सहा महिन्यांत पडला. फ्रान्समधल्या ‘अभेद्य’ किल्ल्याचे काय झाले?

पॅरिसपासून सुमारे १०० किलोमीटरवर, नॉर्मंडीतल्या लेझ आंदली या छोट्या गावापाशी सीन नदी मोठे वळण घेते. तिथल्या कड्यावर ‘शातो गायार’ या किल्ल्याचे अवशेष आहेत.

किल्ला कोणी बांधला?

इंग्लंडचा राजा ‘सिंहहृदयी’ रिचर्ड याने. तेव्हा नॉर्मंडी त्याच्या ताब्यात होती आणि नदीच्या वाटेने रुआँ शहरावर येणारे फ्रेंच सैन्य त्याला अडवायचे होते. ११९६ ते ११९८ या काळात काम उरकले. (आपल्याकडच्या उड्डाणपुलांच्या मुदती आठवा!) एकामागे एक तीन तट, मध्ये खडकात खोदलेले खंदक. सर्वांत आतल्या तटाला बाहेरून अर्धगोल फुगवटे दिले होते. दगडांचा मारा त्यांवर सरळ न बसता निसटावा, ही कल्पना. इंजिनीअरिंग शिकलेल्या कुणालाही हे डोके आवडेल.

वेढ्यात काय घडले?

रिचर्ड ११९९ मध्ये मरण पावला आणि भाऊ जॉन गादीवर आला. १२०३ मध्ये फ्रान्सचा राजा फिलिप दुसरा याने वेढा घातला. हजाराहून अधिक गावकरी किल्ल्यात आश्रयाला आले. धान्य पुरेना, तेव्हा किल्लेदार रॉजर द लासी त्यांना बाहेर काढू लागला. पहिल्या दोन जथ्यांना फ्रेंचांनी वाट दिली. मग फिलिपने मनाई केली. किल्ल्यात खाणारी तोंडे कमी होणे त्याला नको होते.

पुढच्या जथ्यामागे किल्ल्याचा दरवाजा बंद झाला, समोर शत्रू. बायका-मुलांसह शेकडो माणसे भर हिवाळ्यात दोन्ही बाजूंच्या मधल्या उतारावर अडकली. अनेक जण भुकेने मेले. शेवटी फिलिपनेच उरलेल्यांना अन्न देऊन सोडले.

तट कसे फुटले?

पहिल्या तटाचा बुरूज फ्रेंचांनी खालून पोखरून पाडला. दुसऱ्या तटात काही सैनिक शौचकूपातून शिरले, ही कथा प्रसिद्ध आहे. काही इतिहासकारांच्या मते ते चॅपलच्या खिडकीतून घुसले. हे चॅपल जॉनने नंतर बांधले होते! तिसऱ्या दरवाजापुढे खंदकावर खडकाचाच पूल राखलेला होता. त्याच्याच आडोशाने सुरुंग खणला गेला. ६ मार्च १२०४ रोजी किल्ला पडला. जूनमध्ये रुआँही शरण गेले.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजा चौथा आंरी याने किल्ला पाडण्याचा हुकूम दिला. फुगवट्यांच्या तटाचा मोठा भाग मात्र अजून उभा आहे.