तेवीसशे पौंडांत विश्वसंचार

रात्रीचे दहा वाजले की बीबीसीच्या स्टुडिओतले दिवे जात. प्रसंग अर्ध्यावर असो, राक्षस मरायचा राहिलेला असो, कामगार संघटनांशी झालेल्या करारानुसार दहानंतरचं प्रत्येक मिनिट जादा भत्त्याचं होतं आणि तो भत्ता द्यायची तयारी सहसा कोणाची नसे. ‘डॉक्टर हू’मध्ये काम केलेल्यांच्या आठवणींत हे दहाचे ठोके पुन्हा पुन्हा वाजतात. या मालिकेचा जुना भाग बघताना शेवटची मारामारी घाईत उरकल्यासारखी वाटली, तर कारण कथेत शोधण्याआधी घड्याळाकडे बघावं.

1963 च्या 23 नोव्हेंबरला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, ही मालिका ब्रिटनमध्ये सुरू झाली आणि 1989 पर्यंत चालली. 2005 मध्ये ती नव्याने सुरू झाली, पण तिचा जमाखर्च वेगळा आहे. मी बोलतोय ते जुन्या मालिकेबद्दल. काळात आणि अवकाशात कुठेही जाऊ शकणारा एक विक्षिप्त म्हातारा आणि त्याचं यान, एवढी कल्पना. कुठेही जाऊ शकणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायची म्हणजे दर चार-सहा आठवड्यांनी नवं जग उभं करायचं. त्यासाठी सुरुवातीला मंजूर झालेली रक्कम होती भागामागे सुमारे 2,300 पौंड.

कल्पना सिडनी न्यूमन यांची. हे कॅनडाहून आलेले गृहस्थ बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख होते. त्यांना शनिवारी संध्याकाळी खेळांचा कार्यक्रम आणि पॉप गाण्यांचा कार्यक्रम यांच्यामध्ये मुलांना धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. थोडा इतिहास, थोडं विज्ञान, आणि बटबटीत डोळ्यांचे राक्षस मुळीच नकोत, अशी त्यांची सक्त ताकीद होती. काम दिलं वेरिटी लॅम्बर्ट या सत्तावीस वर्षांच्या बाईंना. बीबीसीच्या नाट्यविभागात तेव्हा दुसरी स्त्री निर्माती नव्हती. पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता चोवीस वर्षांचा वारिस हुसेन. जन्म लखनौचा, आई इंग्रजीतल्या प्रसिद्ध लेखिका अतिया हुसेन, शिक्षण केंब्रिजचं. तरुण बाई आणि तरुण हिंदुस्थानी मुलगा, दोघांकडे जुनीजाणती मंडळी कशा नजरेने बघत असतील, हे वेगळं सांगायला नको. ज्या कामात कोणाची प्रतिष्ठा पणाला लागत नाही, ते काम अशांच्या वाट्याला येतं. स्टुडिओही तसाच मिळाला: लाइम ग्रोव्हचा ‘डी’. अरुंद, जुनाट, आणि इतका तापणारा, की दिव्यांच्या उष्णतेने आग विझवायचे फवारे आपोआप सुरू होत.

तोवर बीबीसीला विज्ञानकथा अगदी अनोळखी नव्हती. दोनच वर्षांपूर्वी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका येऊन गेली होती आणि तिच्या दोन लेखकांपैकी एक होते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. 1963 मध्ये जयंत नारळीकर याच हॉइलांच्या मार्गदर्शनाखाली केंब्रिजला पीएच.डी. पूर्ण करत होते. पुढे 1974 मध्ये नारळीकरांनी टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. गोष्टी लिहिणं शास्त्रज्ञाला कमीपणाचं नाही, हे त्यांच्या गुरूने आधीच दाखवून दिलं होतं.

तर, पैसे नव्हते. मग काय केलं? यानाच्या बाहेरच्या रूपापासून सुरुवात झाली. हे यान जिथे उतरेल तिथल्या परिसरात मिसळून जाणारं रूप घेतं, अशी मूळ योजना. म्हणजे दर कथेला नवं यान बांधा. त्यापेक्षा यंत्रणा बिघडली असं ठरवून टाकलं आणि लंडनच्या रस्त्यावरची निळी पोलीस चौकी, म्हणजे टेलिफोनची ती खोली, यानाला कायमची चिकटली. आत प्रचंड, बाहेर कपाटाएवढं. एकदाच बांधलेली ही प्रॉपर्टी पुढे वर्षानुवर्षं डागडुजी करत वापरली गेली.

आवाजाची हकीकत मात्र सावकाश सांगायला हवी. लंडनच्या मेडा व्हेलला बीबीसीचा रेडिओफोनिक वर्कशॉप नावाचा एक विभाग होता, 1958 साली सुरू झालेला. नेहमीच्या वाद्यांतून न निघणारे आवाज तयार करणं हे त्यांचं काम. ब्रायन हॉजसन यांनी तिथल्या एका मोडक्या, आतड्यांपर्यंत उघड्या पियानोच्या जाड तारांवरून आपल्या आईच्या घराच्या दाराची किल्ली घासली, तो आवाज टेपवर घेतला, उलटा केला, ताणला. यान येता-जाताना होणारी ती घरघर आजही तीच आहे.

मालिकेचं शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांनी कागदावर लिहून दिलं आणि ते निघून गेले. ते प्रत्यक्षात आणलं डेलिया डर्बिशर यांनी. गणित आणि संगीत या दोन विषयांची केंब्रिजची पदवी असलेल्या या बाई. तेव्हा सिंथेसायझर हाताशी नव्हता, अनेक ट्रॅकचं रेकॉर्डिंगही नव्हतं. एक तार छेडायची, तो एकच स्वर टेपवर घ्यायचा, टेपचा वेग कमीजास्त करून त्यातून बाकीचे स्वर काढायचे. मग प्रत्येक स्वराचा टेपचा तुकडा ब्लेडने कापायचा. तुकड्याची लांबी म्हणजेच त्या स्वराचा काळ. घसरत जाणारी ती मुख्य धून यंत्रं तपासायच्या ऑसिलेटरचं बटण हाताने फिरवून काढलेली. फुसफुस हवी तर गाळून घेतलेला खरखराट. असे शेकडो तुकडे जोडून तीन टेपा तयार झाल्या आणि त्या तीन यंत्रांवर एकाच क्षणी सुरू करून चौथीवर उतरवल्या. सहायक डिक मिल्स यांनी सांगितलेला किस्सा असा: एक स्वर कुठेतरी चुकत होता आणि सापडत नव्हता, तेव्हा टेपा मेडा व्हेलच्या लांबलचक व्हरांड्यात शेजारीशेजारी अंथरल्या आणि कोणता सांधा पुढेमागे पडतो ते डोळ्यांनी शोधलं.

ग्रेनर ऐकून चाटच पडले. श्रेय निम्मं या बाईंना द्या असं त्यांनी सुचवलं. पण वर्कशॉपच्या नोकरदारांचं नाव वैयक्तिक श्रेयात येत नसे, असा नियम होता. डर्बिशर 2001 मध्ये वारल्या. मालिकेच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव झळकलं ते 2013 साली, पन्नासाव्या वाढदिवसाच्या भागात. त्यांनी बांधलेली धून मात्र किरकोळ फेरफार सोडले तर 1980 पर्यंत दर आठवड्याला वाजत होती.

हीच गोष्ट डालेकांची. नको नको म्हणताना न्यूमनसाहेबांच्या मालिकेत दुसऱ्याच कथेत हे राक्षस आले. लिहिले टेरी नेशन यांनी, पण त्यांच्या संहितेत रूपाचं वर्णन जुजबी होतं. आधी हे काम बीबीसीतल्या रिडली स्कॉट नावाच्या तरुण नेपथ्यकाराकडे जाणार होतं. त्याच्या वेळापत्रकात बसेना, म्हणून ते रेमंड कुसिक यांच्याकडे आलं. माणूस आत बसून पायांनी पुढे ढकलू शकेल, पण पाय दिसणार नाहीत आणि आत माणूस आहे अशी शंकाही येणार नाही, असा आकार त्यांना हवा होता. तुंबलेलं सिंक मोकळं करायचा रबरी पंप हाताच्या जागी लागला. ते यंत्र कसं सरकेल हे समजावताना कुसिकनी टेबलावरची मिरपुडीची डबी उचलून सरकवून दाखवली, असं ते सांगत. अक्सब्रिजच्या शॉक्राफ्ट या कारखान्याने चार नग बनवले. चारच. सैन्य दाखवायचं तेव्हा मागे डालेकांचे मोठे फोटो उभे केले. आवाज माणसांचेच, रिंग मॉड्युलेटरमधून काढून खरबरीत केलेले.

21 डिसेंबर 1963 च्या भागात डालेक दिसलाच नाही. एका सहायकाने कॅमेऱ्यापुढे तो रबरी पंप धरला, समोर अभिनेत्री जॅकलिन हिल किंचाळल्या आणि भाग संपला. अख्खा ब्रिटन पुढच्या शनिवारची वाट बघत बसला. प्रेक्षकसंख्या कोटीपर्यंत चढली, खेळणी निघाली. नेशन बाहेरचे लेखक असल्याने हक्कात त्यांचा वाटा होता, ते श्रीमंत झाले. कुसिक पगारी नोकर. त्यांना थोडी बक्षिसी मिळाली आणि मुलांच्या एका कार्यक्रमाचा सन्मानाचा बिल्ला. ‘कमी पैशात केवढी कल्पकता’ असं कौतुक ऐकलं की मला कुसिक आणि डर्बिशर आठवतात. कमी पडलेले पैसे कोणाच्या तरी खिशातून भरले जात होते.

चित्रीकरणाची पद्धत तर जवळजवळ नाटकाची. आठवड्यातले चार दिवस एखाद्या हॉलमध्ये तालीम, जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या भिंती, आणि शुक्रवारी स्टुडिओत प्रयोग. व्हिडिओ टेप दोन इंच रुंद आणि महाग. संकलन म्हणजे ती प्रत्यक्ष कापणं. कापली की पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे कापायची परवानगी बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी. पंचवीस मिनिटांचा भाग साधारण ओळीने, सलग घेतला जाई. कॅमेरा सेटवर आपटला, दार उघडलं नाही, तरी पुढे चला. विल्यम हार्टनेल, म्हणजे पहिला डॉक्टर, शब्दांत अडखळत; त्यांची ती वाक्यं तशीच प्रसारित झाली आणि म्हाताऱ्याच्या विक्षिप्तपणात खपून गेली. आपल्याकडच्या राज्य नाट्य स्पर्धेत काम केलेल्या कोणालाही ही धडधड ओळखीची वाटेल.

1966 मध्ये हार्टनेल यांची तब्येत काम करण्यासारखी राहिली नाही. नायकच बदलायचा होता आणि मालिका बंद करायची नव्हती. मग हा परग्रहावरचा माणूस जीर्ण शरीर टाकून नवं धारण करतो, असं ठरलं. नवे नट पॅट्रिक ट्राउटन जमिनीवर आडवे झाले, हार्टनेल यांचा चेहरा पांढऱ्या प्रकाशात वितळला आणि दुसरा डॉक्टर जन्मला. तो प्रकाश शर्ली कॉवर्ड या व्हिजन मिक्सर बाईंच्या लक्षात आलेल्या एका बिघाडातून आला: मिक्सिंग डेस्कमध्ये दोष होता, त्याने चित्र पांढरंफटक पडे. दुरुस्तीला पाठवण्याआधी त्यांनी तो वापरून घेतला. मालिका पुढे इतकी वर्षं जगली ती या एका युक्तीवर.

1970 मध्ये रंग आला आणि खर्च वाढला, म्हणून डॉक्टरला शिक्षा होऊन तो पृथ्वीवर अडकला. इंग्लंडमधले रस्ते, गोदामं, कारखाने आयते तयार होते. परग्रह लागलाच तर लंडनपासून गाडीने जाता येईल अशी खडीची खाण. दगडांच्या खाणी या मालिकेने इतक्या वापरल्या, की ब्रिटनमध्ये तो कायमचा विनोद होऊन बसला. ‘द आर्क इन स्पेस’मध्ये (1975) माणसाच्या हाताचं किड्यात रूपांतर होतं, तो हात म्हणजे हिरवा रंग मारलेलं बबल रॅप. ते वेष्टन तेव्हा घरोघर पोचलेलं नव्हतं. त्याच कथेचा अंतराळस्थानकाचा सेट मोडायच्या आधी दुसऱ्या एका कथेलाही पुरवला गेला. या काळात वेशभूषा करणारे जेम्स ॲचिसन यांनी पुढे तीन ऑस्कर मिळवली.

पण बबल रॅप चाललं म्हणून सगळंच चाललं असं नाही. 1974 चे डायनोसॉर तेव्हाही हास्यास्पद होते. 1984 च्या ‘वॉरियर्स ऑफ द डीप’मध्ये मिर्का नावाचा समुद्रराक्षस आहे. जून 1983 मध्ये सार्वत्रिक निवडणूक होणार असं जाहीर झालं, तिच्या प्रसारणासाठी स्टुडिओ लागणार म्हणून चित्रीकरणाच्या तारखा अलीकडे आल्या. मिर्का स्टुडिओत आला तेव्हा त्याचा रंग ओला होता. आतले दोघे नट दुसऱ्या एका मालिकेत नाटकातल्या घोड्याच्या आत शिरणारे. तेच इथेही चालले, आणि चाल घोड्याचीच दिसते. वर दिव्यांचा लख्ख उजेड. या प्रसंगाला मी अनेकदा हसलो आहे, आणि त्यातल्या नटांकडे बघून दर वेळी थक्क झालो आहे. ओल्या रंगाच्या राक्षसासमोर ते जिवाच्या भीतीने पळतात, एकही जण डोळा मारत नाही. ही मालिका बांधून ठेवली ती या गंभीरपणाने, असं माझं मत आहे. यंत्रांचं श्रेय दुय्यम.

ज्या काटकसरीने हे उभं केलं, तिनेच बरंचसं मोडलंही. टेप महाग होती, पुनःप्रसारणाचे करार मर्यादित होते, घरी व्हिडिओ कोणाकडे नव्हता. साठच्या दशकाच्या अखेरीपासून 1978 पर्यंत बीबीसीने जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या, परदेशी विक्रीसाठी काढलेल्या 16 मिलिमीटरच्या फिल्म प्रतीही फेकल्या. काही भाग पुढे परदेशांतून परत आले. 2013 मध्ये नायजेरियातून नऊ मिळाल्याचं जाहीर झालं. हार्टनेल यांच्या शेवटच्या भागाची फिल्म सापडलेली नाही. तो चेहरा वितळण्याचा तुकडा वाचला, कारण मुलांच्या एका कार्यक्रमाने 1973 मध्ये तो दाखवण्यासाठी कापून घेतला होता. हरवलेल्या सगळ्याच भागांचा आवाज मात्र शिल्लक आहे: त्या वेळच्या शाळकरी पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेला.

वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केलेली दुसरी कथा होती ‘मार्को पोलो’, 1964 ची. सात भाग, चीनचा प्रवास, झळाळते पोशाख. ती पूर्ण नाहीशी झाली. जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार तेव्हा एक व्यवसाय करत. कार्यक्रम सुरू असताना टीव्हीच्या पडद्याचे साठ-सत्तर फोटो काढायचे आणि ते दिग्दर्शकांना, नटांना विकायचे. आपलं काम पुन्हा बघायचा त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. हुसेन यांनी आपल्या भागांचे संच विकत घेऊन जपून ठेवले होते आणि अनेक वर्षांनी ते त्यांच्याच संग्रहातून बाहेर आले. चौथ्या भागाचा संच त्यात नाही. तो भाग दुसऱ्या दिग्दर्शकाने केला होता.