विद्युत बेस गिटारमधील अंगभूत पूर्वप्रवर्धकाची निवड : परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयीन रंगमंचाच्या संदर्भात

प्रस्तावना :

आधारस्वर धरून ठेवणाऱ्या वाद्याची कल्पना परभणी जिल्ह्याला नवी नाही. संत जनाबाईंच्या गंगाखेडच्या परिसरात कीर्तन-भजनातील वीणा आणि एकतारी, तसेच गोंधळातील तुणतुणे ही वाद्ये पिढ्यानपिढ्या हेच कार्य करीत आली आहेत. आधुनिक वाद्यवृंदात ही जबाबदारी बऱ्याच अंशी विद्युत बेस गिटारकडे आली. मराठी श्रोत्याच्या कानाला या वाद्याची सवय लावली ती मुंबईच्या चित्रपटसंगीताने. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ, तसेच चरणजित सिंग यांच्यासारख्या वादकांमुळे बेस गिटारचा नाद घराघरांत पोहोचला.

जिल्ह्यातील बहुसंख्य वरिष्ठ महाविद्यालये नांदेड येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचा युवक महोत्सव आणि महाविद्यालयांची स्नेहसंमेलने यांमुळे विद्यार्थ्यांना पाश्चात्त्य वाद्ये हाताळण्याची संधी मिळते. मात्र अशा कार्यक्रमांत एक अनुभव वारंवार येतो. सरावाच्या खोलीत स्पष्ट ऐकू येणारा बेस रंगमंचावर एक तर बोथट, घुमणारा होतो किंवा ऐकूच येत नाही. अशा वेळी दोष विद्यार्थ्याच्या बोटांना दिला जातो आणि उपाय म्हणून वाद्यात पूर्वप्रवर्धक, म्हणजेच प्रीॲम्प, बसविण्याचा सल्ला मिळतो. मर्यादित निधीतून होणारी ही खरेदी योग्य ठरण्यासाठी तिच्यामागील भौतिकशास्त्र समजून घेणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे :

१) बेस गिटारमधील अंगभूत पूर्वप्रवर्धकाचे कार्य स्पष्ट करणे.
२) त्याची आवश्यकता केव्हा असते व केव्हा नसते, हे पाहणे.
३) महाविद्यालयीन परिस्थितीत निवडीचे निकष मांडणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आणि जॅझ बेस १९६० मध्ये बाजारात आला. या दोन्ही वाद्यांत चुंबक व तारेचे वेटोळे असलेला पिकअप आणि साधी नियंत्रके एवढीच सामग्री होती, बॅटरी नव्हती. अशा रचनेला पॅसिव्ह म्हणतात. कॅलिफोर्नियातील अलेम्बिक या संस्थेने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी वाद्याच्या आतच इलेक्ट्रॉनिक परिपथ बसविण्यास सुरुवात केली. १९७६ मध्ये म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे बेस आला आणि कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या वाद्यांत अंगभूत पूर्वप्रवर्धक रूढ झाला. या रचनेला ॲक्टिव्ह म्हणतात. पुढे बार्टोलिनी, अॅग्विलार, ईएमजी इत्यादी कंपन्यांचे पूर्वप्रवर्धक सुटे मिळू लागले व जुन्या वाद्यात ते बसविण्याची प्रथा पडली.

पूर्वप्रवर्धकाचे कार्य :

‘पूर्वप्रवर्धक म्हणजे आवाज मोठा करणारे यंत्र’ ही समजूत अपुरी आहे. त्याची मुख्य कार्ये दोन आहेत. पहिले, पिकअपला पुढील वायर व उपकरणे यांच्या भारापासून अलग ठेवणे. दुसरे, खर्ज, मध्य व तार पट्ट्यांची पातळी वादकाच्या हाताशी ठेवणे.

पहिले कार्य एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पिकअपचे इंडक्टन्स ४ हेन्री आणि त्याची स्वतःची धारिता, म्हणजे कपॅसिटन्स, २०० पिकोफॅरड मानू. वाद्याच्या वायरीची धारिता दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. इंडक्टन्स व एकूण धारिता मिळून एका ठरावीक वारंवारतेला अनुस्पंदन घडते आणि त्यापलीकडचे स्वर झपाट्याने क्षीण होतात. ६ मीटर वायर असता ही वारंवारता सुमारे २८०० हर्ट्झ येते. वायर १५ मीटर केली की ती सुमारे १९०० हर्ट्झपर्यंत उतरते. म्हणजे केवळ वायर लांबविल्याने वाद्याचा टोकदारपणा हरपतो. पूर्वप्रवर्धक वाद्यातच असेल, तर पिकअपला आतील आखूड वायरीची जेमतेम ५० पिकोफॅरड धारिता दिसते आणि अनुस्पंदन ५००० हर्ट्झच्या आसपास राहते. नियंत्रकांच्या रोधामुळे प्रत्यक्षात हे शिखर बोथट होते. तथापि, त्याच्या स्थानातील फरक कानाला जाणवतो.

दुसरा प्रश्न संरोधाचा, म्हणजेच इम्पिडन्सचा आहे. पॅसिव्ह पिकअपसाठी पुढील उपकरणाचा आगम संरोध सुमारे १ मेगाओहम असावा लागतो. गिटार ॲम्प्लिफायरमध्ये तो तसा असतो. परंतु महाविद्यालयात स्वतंत्र बेस ॲम्प्लिफायर क्वचितच असतो आणि वाद्य थेट मंडपवाल्याच्या मिक्सरला जोडले जाते. मिक्सरच्या लाइन जोडणीचा संरोध साधारणतः १० किलोओहम असतो. ८ किलोओहम रोधाच्या पिकअपचा संदेश तेथे खर्जात सुमारे ५ डेसिबलने घटतो. ३००० हर्ट्झला मात्र ४ हेन्रीची प्रतिक्रिया सुमारे ७५ किलोओहम झाल्याने ही घट सुमारे १८ डेसिबलपर्यंत जाते. खर्जाच्या तुलनेत वरचे स्वर असे १३ डेसिबलने मागे पडतात. स्वराचा आरंभ, तारेवरील बोटाचा आघात आणि लयीची स्पष्टता याच वरच्या भागात असते. खोलीत स्पष्ट वाजणारा बेस रंगमंचावर बोथट होण्याचे हे एक प्रमुख कारण होय. येथे विद्यार्थ्याचा दोष नाही.

अंगभूत पूर्वप्रवर्धकाचा निर्गम संरोध १ ते २ किलोओहमच्या आसपास असल्यामुळे हा प्रश्न सुटतो. तथापि, तो सोडविण्याचा हा एकमेव मार्ग नाही. ॲक्टिव्ह डीआय बॉक्स हे बाह्य उपकरणही हेच काम करते. मिक्सरमधील ४८ व्होल्टच्या फँटम पुरवठ्यावर ते चालू शकते, वाद्याला छिद्र पाडावे लागत नाही आणि एकच उपकरण अनेक वाद्यांना उपयोगी पडते. मात्र वाद्य व डीआय बॉक्स यांमधील वायर आखूड ठेवावी लागते.

ध्वनिक्षेपकाचा विचार :

चार तारांच्या बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ४१.२ हर्ट्झ असतो. पाच तारांच्या वाद्यात तो ३०.९ हर्ट्झपर्यंत उतरतो. खुल्या मैदानावरील भोंगे सुमारे ३०० हर्ट्झच्या खाली अत्यंत क्षीण होतात आणि सभागृहांतील लहान स्तंभाकार ध्वनिक्षेपकही ४० हर्ट्झला फारसे काही देत नाहीत. तरीही श्रोत्याला खर्जाचा स्वर ओळखू येतो, कारण मूळ स्वर अनुपस्थित असला तरी त्याच्या पटीतील उपस्वरांवरून मेंदू त्याची उंची ठरवितो.

या वस्तुस्थितीचा निवडीवर थेट परिणाम होतो. खरेदी करताना साहजिकच ‘बेस’ लिहिलेल्या नियंत्रकाकडे लक्ष जाते. पण जो ध्वनिक्षेपक ४० हर्ट्झ देऊच शकत नाही, त्याच्याकडे तेथे १२ डेसिबल वाढ पाठविणे म्हणजे चौपट व्होल्टेज आणि सोळापट शक्तीची मागणी करणे होय. ६ वॅटची गरज त्या पट्ट्यात ९६ वॅट होते. प्रवर्धकाची क्षमता संपते, नाद फाटतो आणि प्रसंगी ध्वनिक्षेपक जळतो. याउलट ४०० ते ८०० हर्ट्झच्या मध्य पट्ट्यात केलेली माफक वाढ लहान ध्वनिक्षेपकातूनही ऐकू येते व स्वराला रेखीवपणा देते. म्हणून या परिस्थितीत केवळ खर्ज व तार अशी दोन नियंत्रके असलेल्या पूर्वप्रवर्धकापेक्षा मध्य पट्ट्याचे नियंत्रण असलेला तीन पट्ट्यांचा पूर्वप्रवर्धक अधिक उपयुक्त ठरतो. उदाहरणादाखल, अॅग्विलारच्या ओबीपी-१ मध्ये खर्ज व तार यांची केवळ वाढ करता येते, तर त्याच कंपनीच्या ओबीपी-३ मध्ये मध्य पट्टा ४०० किंवा ८०० हर्ट्झला निवडण्याची सोय आहे.

गुणगुण आणि बॅटरी :

भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. बेस गिटारच्या जाड तारेवरील तिसऱ्या पडद्याचा स्वर ४९ हर्ट्झचा असतो. त्यामुळे एकेरी वेटोळ्याच्या पिकअपने रोषणाईच्या तारा किंवा ट्रान्सफॉर्मर यांपासून पकडलेली गुणगुण वाद्याच्या स्वरक्षेत्रातच मिसळते. पूर्वप्रवर्धक ही गुणगुण काढून टाकीत नाही. खर्ज वाढविल्यास तो तिलाही वाढवितो. यावर उपाय म्हणजे दुहेरी वेटोळ्याचा पिकअप, वाद्याच्या पोकळीला तांब्याच्या पत्र्याचे अस्तर आणि निर्दोष अर्थिंग. हा खर्च पूर्वप्रवर्धकाच्या आधी करावयाचा आहे.

पूर्वप्रवर्धक ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. दोन बॅटऱ्यांवर, म्हणजे १८ व्होल्टवर, चालणाऱ्या रचनेत संदेश फाटण्यापूर्वीची मर्यादा सुमारे ६ डेसिबलने वाढते. आवाज मात्र आपोआप मोठा होत नाही. बॅटरीचे आयुष्य आतील परिपथावर अवलंबून असते. टीएल०६२ या चिपमध्ये दोन प्रवर्धक मिळून सुमारे ०.४ मिलिअँपिअर प्रवाह घेतात, तर टीएल०७२ मध्ये सुमारे २.८ मिलिअँपिअर. ५०० मिलिअँपिअर-तासांची अल्कलाइन बॅटरी पहिल्या स्थितीत सुमारे १२५० तास, तर दुसऱ्या स्थितीत १८० तासांच्या आसपास चालेल. टीएल०७२ चा स्वतःचा खरखराट मात्र कमी असतो. बहुतेक वाद्यांत वायर जोडताच बॅटरी चालू होते. सराव संपल्यावर वायर तशीच राहिली, तर दुसऱ्या प्रकारची बॅटरी आठवडाभरात संपते. परभणीचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. बंद कपाटातील उष्णतेत जुनी बॅटरी गळून परिपथ खराब होण्याची शक्यता वाढते. म्हणून उन्हाळी सुट्टीपूर्वी ती काढून ठेवावी.

बॅटरी कार्यक्रमाच्या मध्यातही संपू शकते. अशा वेळी पूर्वप्रवर्धक वगळून पिकअप थेट जोडणारा पॅसिव्ह बटणाचा पर्याय असेल, तर वादन खंडित होत नाही. सुटे भाग व जाणकार तंत्रज्ञ महानगरांत सहज मिळतात. जिंतूर, पालम वा सोनपेठ येथील महाविद्यालयाला ती सोय नाही. म्हणून हे बटण येथे अनिवार्य मानावे.

बँजोचे उदाहरण :

हे विवेचन बेस गिटारपुरते मर्यादित नाही. महाराष्ट्रातील मिरवणुकांत व लग्नसमारंभांत वाजणारा बँजो हे वस्तुतः बुलबुल तरंग होय. जपानमधील नागोया येथे मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये निर्माण केलेल्या ताइशोगोतो या वाद्यापासून तो उत्क्रांत झाला. रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ या २०१६ च्या हिंदी चित्रपटाने या वाद्याच्या वादकांचे जग पडद्यावर आणले. विद्युत बँजोतही पोलादी तारांखाली चुंबकीय पिकअप असतो. त्यामुळे लांब वायर व कमी संरोधाचा मिक्सर यांचा परिणाम त्यावरही होतो. बँजोचे स्वरक्षेत्र बेसपेक्षा बरेच वरचे असल्याने वरच्या उपस्वरांची हानी त्यात अधिकच खटकते. महाविद्यालयाने घेतलेला डीआय बॉक्स गावातील बँजोवादक विद्यार्थ्यालाही तितकाच उपयोगी पडेल.

निवडीचा क्रम :

१) प्रथम वाद्य ६ मीटरपेक्षा आखूड वायरीने १ मेगाओहम संरोधाच्या बेस वा गिटार ॲम्प्लिफायरला कमी आवाजात जोडून ऐकावे. तेथे नाद समाधानकारक असेल, तर दोष वाद्यात वा वादकात नाही.
२) त्यानंतर तेच वाद्य डीआय बॉक्समार्फत मिक्सरला जोडून ऐकावे. प्रश्न सुटल्यास अंगभूत पूर्वप्रवर्धकाची गरज नाही.
३) गुणगुण असल्यास पिकअप, अस्तर व अर्थिंग आधी तपासावे.
४) नादाचे नियंत्रण वादकाच्या हाती असणे आवश्यक वाटल्यास मध्य पट्ट्यासह तीन पट्ट्यांचा आणि पॅसिव्ह बटण असलेला पूर्वप्रवर्धक निवडावा.
५) वाद्याच्या पोकळीत परिपथ व बॅटरी यांना पुरेशी जागा आहे का, हे खरेदीपूर्वी मोजावे.

निष्कर्ष :

अंगभूत पूर्वप्रवर्धकाची निवड वाद्याकडे पाहून नव्हे, तर वाद्यापुढील वायर, मिक्सर आणि ध्वनिक्षेपक यांच्याकडे पाहून करावयाची असते. सामाईक साधनांवर चालणाऱ्या महाविद्यालयाने आधी डीआय बॉक्स घेणे श्रेयस्कर आहे. पूर्वप्रवर्धक घ्यावयाचाच असेल, तर खर्ज वाढविण्याच्या क्षमतेपेक्षा मध्य पट्ट्याचे नियंत्रण आणि बॅटरी संपल्यावरही वाद्य चालू ठेवणारी सोय यांना प्राधान्य द्यावे. भौतिकशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेतील ऑसिलोस्कोप व सिग्नल जनरेटर यांच्या साहाय्याने ही तपासणी महाविद्यालयातच करता येते. सांस्कृतिक विभागाची खरेदी व विज्ञान विभागाचा प्रयोग असे एकत्र आल्यास निधीचा विनियोग योग्य होईल. त्याचबरोबर मिक्सरच्या जोडणीत हरवलेल्या स्वराचे खापर विद्यार्थ्याच्या माथी फोडले जाणार नाही.