चित्तभ्रमावरील नवीं औषधें

आमच्या ठाणे जिल्ह्यांतील मनोरुग्णालय १९०१ सालचें. त्यापुढें पन्नासएक वर्षें तेथील डॉक्टरांच्या हातीं भास व भ्रम शमविणारें खात्रीचें औषध नव्हतें. १९५२ सालीं फ्रान्समध्यें क्लोरप्रोमाझिनचा उपयोग झाला आणि चित्र पालटलें. आपल्या सर्पगंधेचें सत्त्व रेसर्पिन हेंही त्याच सुमारास वापरांत आलें; मात्र तें लवकरच मागें पडलें.

मेंदूंतील पेशी कांहीं रसांच्या द्वारें एकमेकींना निरोप देतात. त्यांपैकीं डोपामिन हा रस एका भागांत अधिक स्रवूं लागला, म्हणजे नसलेले आवाज ऐकूं येतात, शेजारी विष घालतो असें वाटूं लागतें. औषध या रसाच्या ग्रहणस्थानांवर जाऊन बसतें. भाईंदरच्या मिठागरांत भरतीचें पाणी उघाडीनें आंत घेत, हें येथील जुन्या रहिवाशांस ठाऊक आहे. जुन्या औषधांनीं जणूं साऱ्या उघाड्या एकदम लावून घेतल्या! जेथें पाणी हवें तेथेंही तें पोचेना; हात कांपत, चाल ताठर होई.

१९९० नंतर आलेलीं रिस्पेरिडोन, ओलांझापिन, क्वेटियापिन हीं सेरोटोनिन या दुसऱ्या रसाचींही कांहीं ग्रहणस्थानें अडवितात. क्वेटियापिन जागा फार काळ धरून बसत नाहीं; ॲरिपिप्रझोल उघाडी अर्धवट ठेवतें. कंप एकंदरीनें कमी झाला.

परंतु नवें तें अधिक गुणकारी, हा बाजाराचा न्याय येथें लागू पडत नाहीं. अमेरिकेंत सुमारें दीड हजार रुग्णांवर झालेल्या परीक्षेचा निष्कर्ष २००५ सालीं प्रसिद्ध झाला. अठरा महिन्यांत शंभरांतील चौऱ्याहत्तरांनीं प्रथम दिलेलें औषध सोडलें. ओलांझापिन रुग्णांनीं सर्वांत अधिक काळ घेतलें, पण वजन व रक्तांतील साखरही त्यानेंच अधिक वाढविली. जुनें परफेनाझिन बाकीच्या नव्या औषधांच्या फारसें मागें नव्हतें. तेव्हां घरीं मधुमेह असेल, तर तें डॉक्टरांस आधींच सांगावें.

क्लोझापिनची गोष्ट निराळी. १९७५ सालीं फिनलंडमध्यें त्यामुळें पांढऱ्या रक्तपेशी घटून कांहीं रुग्ण दगावले आणि तें मागें पडलें. १९८८ च्या परीक्षेंत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकीं शंभरांतील तिसांना त्यानें गुण आला. क्लोरप्रोमाझिननें अवघ्या चौघांना. म्हणून आरंभीं दर आठवड्यास रक्त तपासून तें देतात.

मुलगा बरा दिसूं लागला कीं घरचीं माणसें गोळ्या थांबवितात, आणि दुखणें उलटतें. क्लोझापिन दोन दिवसांहून अधिक चुकलें, तर पूर्वीच्या मात्रेनें पुनः सुरू करतां येत नाहीं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं अगदीं अल्प मात्रेपासून पुनः चढत जावें लागतें.