पहिला सौदा फिसकटला? मधुरिकाची ही मॅच बघा

मोरिवलीहून अंबरनाथ स्टेशन गाठायचं, लोकल पकडली की ठाणे. मधुरिका पाटकर तिथल्याच. शैलजा गोहाड यांच्याकडे टेबल टेनिस शिकल्या. राष्ट्रीय विजेतेपद मिळालं ते २०१७ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर.

पण आज बोलायचंय २०१८ च्या एका फायनलबद्दल. गोल्ड कोस्ट, राष्ट्रकुल स्पर्धा, महिला सांघिक. समोर सिंगापूर. २००२ पासून हे सुवर्ण त्यांनी कोणालाच दिलं नव्हतं. पहिली मॅच मनिका बत्राने जिंकली. दुसरी मधुरिकांची, आणि यू मेंग्यूकडून त्या हरल्या. १-१.

लगेच डबल्स. जोडीला मौमा दास, समोर पुन्हा तीच मेंग्यू! ही मॅच दोघींनी ३-१ ने काढली. मग मनिकाने शेवटची जिंकली आणि सुवर्ण भारताकडे आलं.

दुकानातही असंच असतं. सकाळचं गिऱ्हाईक हातचं गेलं, म्हणून दुपारच्या गिऱ्हाइकाशी तोंड पाडून बोलू नका. त्याला सकाळचं काय माहीत? आणि तेच गिऱ्हाईक परत आलं, तर एकट्याने नाही जमलं ते जोडीदाराला घेऊन करा.

तुमची ‘डबल्स’ची जोडी कोण? आजच ठरवा.