गोंद काढताना

जुनी गाडी घेतली की पहिल्या मालकाची हौसही सोबत येते. दारांवरची साइड बीडिंग, खिडक्यांवरचे रेन व्हायझर, डिकीवर देवाचं नाव, मागच्या काचेवर मुलांची नावं. हे सगळं खेचलं की निघतं. मागे राहतो तो गोंद. उमरेडमध्ये त्याचं रूप आणखी वाईट होतं, कारण उघड्या खाणीचा कोळसा ट्रकांनी याच रस्त्यांवरून जातो आणि हवेतली काळी भुकटी चिकट जागा शोधून तिथे बसते. पांढऱ्या दारावर काळा पट्टा उठून दिसतो.

गॅरेजमधला जुना पेंटर हा पट्टा पाहून लगेच बाटली उघडत नाही. आधी विचारतो, रंग कंपनीचा आहे की बाहेर मारलेला? सगळं काम या प्रश्नावर अवलंबून आहे. कारखान्यातला रंग साधारण 140 अंशांच्या भट्टीत पक्का झालेला असतो, वर क्लिअर कोट असतो. त्याला द्रावक थोडा वेळ लागला तरी तो सोसतो. अपघातानंतर गॅरेजमध्ये मारलेल्या रंगाचा मात्र भरवसा नाही. त्यावर थिनरचं फडकं फिरवलं, तर गोंदाआधी रंग मऊ होतो. म्हणून दाराच्या आतल्या कडेला, जिथे कुणी पाहत नाही, तिथे पांढरं फडकं घासून बघायचं. फडक्यावर रंग उतरला तर तो द्रावक वापरायचा नाही.

बीडिंगखालची डबल टेप म्हणजे ॲक्रिलिक फोम, दोन्ही बाजूंना गोंद. थ्रीएम कंपनीने असा टिकाऊ फोम टेप 1980 मध्ये बाजारात आणला. याच कंपनीत रिचर्ड ड्रू यांनी 1925 मध्ये मास्किंग टेप तयार केला, तोही मोटारी रंगवणाऱ्यांची अडचण पाहून. तेव्हा दोन रंगी गाड्यांची फॅशन होती आणि रंगाची सीमा आखायला लावलेला कागद काढताना ताजा रंगही उखडून यायचा. टेप जन्मला तो रंग वाचवायला. तो काढतानाही तेच भान हवं असं मला मनापासून वाटतं.

मे महिन्यात इथला पारा 45 च्या आसपास असतो आणि उन्हातला गडद पत्रा 60-70 अंशांपर्यंत तापतो. ही फुकटची हीट गन वाटते, पण भर दुपारी गोंद इतका पातळ होतो की निघण्याऐवजी पसरतो, आणि द्रावक मुरण्याआधीच उडून जातो. ऊन कलल्यावर, पत्रा हाताला कोमट लागत असताना काम सर्वांत नीट होतं. थंडीत हेअर ड्रायर पुरतो.

आधी फोम कापायचा. मासे धरायच्या गळाची नायलॉन दोरी पत्र्याला चिकटून करवतीसारखी मागेपुढे ओढली की जाड थर निघून येतो. उरलेला पातळ थर अंगठ्याने एकाच दिशेने चोळायचा. शेवई वळावी तशी त्याची वळी होते आणि ती वळीच पुढचा गोंद उचलत जाते. बोटं दुखतात, पण या टप्प्याला जितका वेळ द्यावा तितका द्रावक कमी लागतो. पत्र्यावर ब्लेड लावायचं नाही. गोंद पुन्हा काढता येतो, ओरखडा काढायला रंगच झिजवावा लागतो.

शेवटची चिकट साय उरते, तिच्यावर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं पाच मिनिटं नुसतं ठेवायचं. घासायची घाई नको. स्टिकरचा रबरी गोंद फुगून सुटतो. ॲक्रिलिक चिवट, त्याला ऊब आणि चोळणं पुन्हा द्यावं लागतं. ड्रायर किंवा हीट गन चालू असताना द्रावकाची बाटली जवळही नको, वाफ पेट घेते. मग शाम्पूच्या पाण्याने धुवायचं, नाहीतर तेलकट थरावर धूळ परत बसते.

हेडलाइटचं कव्हर पॉलिकार्बोनेटचं असतं. त्याला थिनर किंवा ॲसिटोन लागलं, तर बारीक तडे जातात आणि ते परत भरून येत नाहीत. तिथे साबणाचं कोमट पाणी आणि धीर, एवढंच. काचेवर उलट मोकळीक आहे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हा घाईने फाडलेल्या फिल्मचा गोंद कित्येक गाड्यांच्या काचांवर राहिला. बाजूच्या काचेवर साबणाचं पाणी मारून ब्लेड तिरपं धरून चालवता येतं. मागच्या काचेवर डिफॉगरच्या तारा असतील, तर मात्र ब्लेड नको. एक तार तुटली की तेवढी पट्टी तापत नाही.

सगळं निघाल्यावर दारावर एक रेघ दिसते. बीडिंगखालचा रंग उन्हापासून वाचलेला, आजूबाजूचा उडालेला. कंपाऊंड मारून हा फरक बराच कमी होतो, पण क्लिअर कोट जेमतेम 40-50 मायक्रॉन असतो आणि प्रत्येक घासणीत तो पातळ होतो. म्हणून एकदा हलकं पॉलिश, वर वॅक्स, आणि तरी रेघ उरली तर ती तशीच ठेवावी, असं मी म्हणेन.