बादलीमागे एक तृतीयांश युनिट

बोरीवलीत घर तापवायला कोणी पैसे मोजत नाही. जानेवारीत पहाटे नॅशनल पार्कच्या बाजूने गार वारा आला तरी स्वेटरवर भागते. आपल्याकडे तापते ते आंघोळीचे पाणी, आणि लाइट बिलाबद्दलचे बरेचसे गैरसमज त्या गीझरभोवतीच जमलेले असतात.

सगळ्यात पक्का समज हा, की 3 किलोवॅटचा गीझर 2 किलोवॅटच्या गीझरपेक्षा जास्त वीज खातो. किलोवॅट हा नुसता वेग झाला. बिल येते ते एकूण वापराचे: 1 किलोवॅटचे उपकरण तासभर चालले की 1 युनिट. म्हणजे किलोवॅटला तासांनी गुणायचे. ‘किलोवॅट प्रति तास’ असे सर्रास छापले जाते, त्यात गुणाकाराचा भागाकार होऊन बसतो.

आता बादली घ्या. 1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला 1 किलोकॅलरी लागते आणि 1 युनिटात 860 किलोकॅलरी असतात. गच्चीवरच्या टाकीतून 25 अंशांवर आलेले 20 लिटर पाणी 40 अंशांवर न्यायचे, तर 20 गुणिले 15, म्हणजे 300 किलोकॅलरी. झाले 0.35 युनिट. 3 किलोवॅटचा इन्स्टंट गीझर हे काम सात मिनिटांत उरकतो, 2 किलोवॅटचा साडेदहा मिनिटे घेतो. मीटरवर आकडा तोच. फरक पडतो तो वायरिंगला: 3 किलोवॅट म्हणजे 230 व्होल्टवर 13 अँपिअर. जुन्या बिल्डिंगमध्ये गीझर घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला विचारायचे ते हे.

पाच स्टारचा गीझर पाणी कमी विजेत तापवतो, हेही तितकेसे खरे नाही. कॉइलमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज पाण्यातच उतरते, स्टार कितीही असोत. साठवणीच्या गीझरला स्टार मिळतात ते तापलेली टाकी नुसती उभी असताना 24 तासांत किती उष्णता गमावते यावर. पाणी तापवले, लगेच आंघोळ केली, बटण बंद केले, अशा घरात स्टारचा फायदा थोडाच. दिवसभर गीझर चालू ठेवणाऱ्याला तो खरा.

आणि दिवसभर चालू ठेवणारे आहेत! ‘सारखे बंद-चालू केले की वीज जास्त जाते’ हा त्यांचा युक्तिवाद. टाकी जितकी गरम, तितकी तिची उष्णता झपाट्याने बाहेर जाते. बंद टाकी निवत जाते तसे हे गमावणेही मंदावते. त्यामुळे बंद करण्यात वाचतेच.

बिल अदानीचे असो, टाटा पॉवरचे असो की मुलुंडला महावितरणचे, दर ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग आणि घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात. 301वे युनिट पडले की आधीची 300ही महाग होतात, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. वरच्या दराने फक्त वरची युनिटे मोजली जातात. (स्थिर आकाराची गोष्ट वेगळी.) मात्र वाचवलेले युनिट नेहमी सगळ्यात वरच्या, म्हणजे महाग टप्प्यातूनच कमी होते. म्हणून ‘एका बादलीने काय होणार’ हा हिशेब सरासरी दराने करू नये.

पाइप गॅस स्वस्त की वीज? महानगर गॅसचे बिल घनमीटरमध्ये येते, त्यामुळे थेट तुलना होत नाही. 1 घनमीटर गॅसमध्ये साधारण 10 युनिटांइतकी उष्णता असते. गॅस गीझर त्यातली 8 युनिटांच्या आसपास पाण्यात उतरवतो. शेगडीवरच्या पातेल्यात त्याहून बरीच कमी. तेव्हा गीझरसाठी बिलावरच्या घनमीटरच्या दराला 8ने भागा आणि आलेला आकडा आपल्या वरच्या टप्प्यातल्या विजेच्या दराशेजारी ठेवा. गॅस स्वस्त निघाला, तरी गॅस गीझर बंद बाथरूममध्ये लावू नका; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप घ्यायचा.